बारा मिलिमीटर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जानेवारीतली रात्र, साडेअकरा वाजलेले. बदलापूरला त्या दिवसांत थोडीफार थंडी पडते, त्यामुळे मी पांघरुणात शिरलो होतो. फोन वाजला. भाचा कोइमतूरहून बोलत होता. या वेळी फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. पण पठ्ठ्या म्हणतो, "मामा, आमचा पंख बारा मिलिमीटर उंच भरलाय."

झोपेतून उठवलेल्या माणसाला हे वाक्य कळणं शक्य नाही. तुम्हालाही कळलं नसेल. म्हणून जरा मागून सुरुवात करतो. बरंच मागून.

आमच्या भागात शर्यत म्हटलं की बैलगाड्याच आठवतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात ती कायम झाली. त्या सगळ्या काळात चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. मोटारींची शर्यत मात्र आपली नव्हे, ती टीव्हीवर बघायची, अशीच आमची समजूत. आणि आमच्याच घरातला मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना येऊन सांगतो, की आम्ही पोरं मिळून रेसची गाडी बनवतोय!

ही स्पर्धा काय असते ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९८१ साली, टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या विद्यापीठात 'फॉर्म्युला एसएई' या नावाने ती सुरू झाली. विद्यार्थ्यांनी स्वतः एक माणूस बसेल अशी छोटी रेसची गाडी आखायची, बनवायची आणि पळवायची. पुढे १९९८ मध्ये इंग्लंडात आणि २००६ मध्ये जर्मनीत 'फॉर्म्युला स्टुडंट' आली. आपल्याकडे 'फॉर्म्युला भारत' कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरते. मुंबईच्या मुलांनी या खेळात चांगलं नाव काढलं आहे. विद्याविहारच्या सोमय्या कॉलेजची ओरायन रेसिंग जर्मनीपर्यंत जाऊन आली आणि आयआयटी मुंबईच्या मुलांनी विजेवर चालणारी गाडी सिल्व्हरस्टोनला नेली.

एकूण गुण १०००. त्यातले ३२५ गाडी जागची न हलता मिळतात. आराखड्याला १५०, खर्चाच्या हिशेबाला १०० आणि सादरीकरणाला ७५. म्हणजे नुसतं पळून भागत नाही, 'असं का केलं?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. मला हे फार आवडलं. आमच्या वेळी प्रॅक्टिकलला 'का?' विचारणारा मास्तर विरळाच.

इंजिनावर नियमाचं बूच असतं. हवा आत घेण्याची वाट एका ठिकाणी फक्त २० मिलिमीटरची ठेवायची. इंजिन कितीही दांडगं आणा, श्वास तेवढ्याच नळीतून. मग ताकद वाढवता येत नसेल तर वेळ वाचवायचा कुठे? वळणावर. आणि वळणावर गाडी धरून ठेवतं ते टायर. टायर रस्त्यावर जितका दाबला जाईल तितकी पकड जास्त. पण वजन टाकून दाबलं तर तेच वजन वळताना बाहेर फेकलं जातं, फायदा शून्य. म्हणून वजन न वाढवता दाब हवा. तो फुकट मिळतो हवेतून.

कर्जत लोकलच्या दारात उभं राहून हात बाहेर काढायचा वेडेपणा लहानपणी आम्ही सगळ्यांनी केला आहे (तुम्ही करू नका). तळवा जरा वर कलला की हात उचलला जातो, खाली कलला की दाबला जातो. विमानाचा पंख म्हणजे पहिला हात, रेसच्या गाडीचा पंख म्हणजे दुसरा. बस, एवढंच तत्त्व. बाकी सगळा इतिहास हा तो हात किती लांब काढायचा आणि मास्तरांनी कुठे छडी मारायची याचा आहे.

या इतिहासात मी नंतर चांगलाच बुडालो. निवृत्त माणसाला वेळ असतो.

१९२८ मध्ये फ्रिट्झ फॉन ओपेलने बर्लिनच्या आवुस रस्त्यावर रॉकेटवर चालणारी गाडी ताशी २३८ किलोमीटरने पळवली. गाडी उडू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना उलटे पंख होते. पण मला त्याच्यापेक्षा जवळचा वाटतो तो मायकेल मे. स्वित्झर्लंडचा तरुण इंजिनिअर, म्हणजे आमच्या भाच्याच्याच जातकुळीतला. १९५६ साली त्याने आणि त्याच्या चुलतभावाने आपल्या पोर्शे ५५० वर, ड्रायव्हरच्या डोक्यावर येईल असा एक मोठा पंख उभारला. कोन बसल्या जागी बदलता येत होता. नुरबर्गरिंगच्या शर्यतीला ते गाडी घेऊन गेले. सरावात गाडी अशी पळाली की मोठमोठ्यांचे डोळे विस्फारले. आयोजकांनी पंख काढायला लावला. कारण सांगितलं, मागच्या ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही. पोरांनी मुकाट्याने काढला.

पुढची दहा वर्षं कुणी त्या वाटेला फारसं गेलं नाही. मग १९६६ मध्ये टेक्सासच्या जिम हॉलने चॅपरल गाडीवर उंच खांबांवरचा पंख आणला आणि १९६८ पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये जो तो पंख लावू लागला. बारीक काटकुळ्या खांबांवर, जमेल तितके उंच. कारण वर हवा स्वच्छ मिळते. नियम नव्हताच. ४ मे १९६९ ला बार्सिलोनाच्या मोंटजुइक रस्त्यावर लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख एकाच शर्यतीत मोडले. आधी ग्रॅहम हिलचा, मग योखेन रिंटचा. दोघे वाचले हे नशीब. पुढच्याच मोनॅकोच्या शर्यतीत, सरावाचा दिवस उलटतो न उलटतो तोच उंच पंख बंद झाले. नंतर परत आले ते उंचीची मर्यादा घालून.

म्हणजे उंचीचा नियम कुण्या बाबूने कचेरीत बसून काढलेला नाही. तो मोडलेल्या पंखांतून आला आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वरची वाट बंद झाली तेव्हा हुशार लोक गाडीच्या पोटाखाली शिरले. उल्हास नदी पुलाच्या खांबांमध्ये अरुंद होते तिथे पाणी धावायला लागतं ना, तसंच. गाडी आणि रस्ता यांच्या फटीत हवा धावली की तिथला दाब कमी होतो आणि गाडी खाली ओढली जाते. १९७७-७८ च्या लोटस गाड्यांनी यावर सगळ्यांना मागे टाकलं. १९७८ मध्ये ब्रॅबमच्या गॉर्डन मरेने मागे चक्क एक मोठा पंखा बसवला आणि सांगितलं की हा इंजिन थंड करायला आहे. तो थंड करत होताच, पण पोटाखालची हवाही ओढत होता. स्वीडनमध्ये निकी लाउडा त्या गाडीवर जिंकला. ती त्या गाडीची पहिली आणि शेवटची शर्यत.

आता १९८१. नियम आला की गाडीचं पोट जमिनीपासून ६ सेंटिमीटर वर असलंच पाहिजे. मोजणार कुठे? गाडी उभी असताना, कारण धावत्या गाडीखाली पट्टी कोण घालणार! मरेने अशी स्प्रिंगची व्यवस्था केली, की वेग आला की हवेच्या दाबाने गाडी खाली बसायची आणि तिथेच राहायची. परत येताना वेग कमी झाला की हळूहळू वर. मोजायला उभी, तर बरोब्बर ६ सेंटिमीटर. आरडाओरडा झाला, पण चाललं. बाकीच्यांनीही तेच केलं. त्या वर्षी विजेतेपद ब्रॅबमच्या नेल्सन पिकेला मिळालं. १९८३ मध्ये सपाट पोटाचा नियम आला आणि तो सगळा अध्यायच संपला.

आपल्याकडे या काळात काय होतं? मद्रासजवळ शोलावरमची जुनी धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धाने जगभर धावपट्ट्या मागे ठेवल्या आणि हौशी रेसिंग त्यांच्यावर वाढलं. सिल्व्हरस्टोन हेही मुळात बॉम्बफेकी विमानांचं तळच. आमच्याकडेही तो वारसा आहे बरं का. उल्हासनगर म्हणजे युद्धकाळातला कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे आले, १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं आणि कॅम्प एक ते पाच ही नावं अजून चालू आहेत. शेजारी नेवाळीला १९४२ च्या सुमाराची धावपट्टी. पण नेवाळी म्हटलं की आम्हाला शर्यत नाही, जमीन आठवते. युद्धासाठी घेतलेल्या त्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून शेतकऱ्यांचा लढा चालू आहे. २०१७ च्या जूनमध्ये त्याचा भडका उडाला होता. एकाच युद्धाच्या दोन धावपट्ट्या, पण नशीब वेगळं.

भारतात हौशी माणसाला परवडणारी रेस आणली ती कोइमतूरच्या करीवर्धन यांनी. १९८८ मध्ये फॉर्म्युला मारुती. मारुती ८०० चं इंजिन, सगळ्यांना तेच. पैसेवाला आणि बिनपैशाचा एका रेषेत उभा राहिला पाहिजे, हा नियमामागचा विचार. नारायण कार्तिकेयन त्याच शाळेतून पुढे गेला. आज मुलं जिथे पळतात त्या स्पीडवेला नाव त्यांचंच आहे.

असो. तर आमचे चिरंजीव.

इतक्या हळू गाडीला पंख कशाला, असा वाद या स्पर्धेत पुष्कळ वर्षं होता. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या मंडळींनी मोठमोठे पंख लावून दाखवले आणि वर्डली व सॉंडर्स यांनी २००६ मध्ये त्याचा हिशेब छापला. मग सगळीकडे पंखांची साथ आली. मुलं अंगणातल्या मांडवाएवढे पंख लावू लागली, तेव्हा २०१५ च्या नियमांनी ते आखडले. जमिनीपासून १.२ मीटरच्या वर काही नको, मागच्या चाकांच्या मागे २५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आणि पोटाखालची हवा ओढायला पंखा तर नकोच नको. (वाचताना मरेची आठवण येऊन हसू आलं.)

भाच्याने हिशेब मांडला. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. या वेगाला हवेचा दाब चौरस मीटरला १३५ न्यूटन. पुढचा पंख, मागचा पंख आणि पोटाखालचा तळ मिळून कॉम्प्युटरवर जो आकडा येत होता त्याने साधारण ५५ किलोचा भार पडायला हवा होता. गाडी आणि ड्रायव्हर मिळून २८० किलो. म्हणजे एक पैसा वजन न वाढवता वीस टक्के दाब जास्त. वेग दुप्पट झाला तर भार चौपट. बदल्यात हवेचा विरोध वाढणार, पण वळणावळणाच्या ट्रॅकवर सरळ रस्ता असतो कुठे?

बनवायला मात्र पैसे नव्हते. कार्बन फायबर परवडेना. मग सगळा कारभार आमच्या पंचक्रोशीत आला. उल्हासनगरहून घट्ट थर्मोकोलचे ठोकळे आले. दुकानदार शेठने "रेसची गाडी? मग आमच्या दुकानाचं नाव लिहा" म्हणून भाव कमी केला. तापलेल्या तारेने ते ठोकळे कापले, अंबरनाथ एमआयडीसीत फायबरचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे वर काचेचं कापड आणि रेझिन चढवलं. आकार बरोबर आला की नाही हे बघायला प्लायवुडचे साचे केले आणि ते लावून फट मोजण्याचं काम माझ्याकडे आलं. पस्तीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली आहेत मी. फीलर गेज हातात आल्यावर खरं सांगतो, बरं वाटलं.

चाचणीही घरगुतीच. ओळखीच्या कारखान्याच्या आवारात रविवारी सरळ रस्ता मिळाला. पंखाच्या मागच्या बाजूला आमच्या आईच्या पिशवीतल्या लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवले. लोकर सरळ मागे पडून राहिली तर हवा पंखाला चिकटून चालली आहे. वळवळली, उलटी फिरली, तर तिथे हवा सुटली. आईने विचारलं, "माझ्या लोकरीचं काय करताय?" म्हटलं, "गाडीला स्वेटर." वरच्या फळीवरची लोकर पहिल्या दिवशी वेड्यासारखी नाचत होती. कोन दोन अंशांनी कमी केला तेव्हा शांत झाली. आणि स्प्रिंगा किती दबतात ते मोजून भार काढला. ५५ नाही. ३८ किलो.

पोरांचे चेहरे उतरले. एक जण म्हणाला, प्रेझेंटेशनला ५५ च सांगू, कोण मोजतंय. भाचा काही बोलला नाही. पण स्लाइडवर त्याने दोन्ही आकडे लिहिले आणि तिसऱ्या ओळीत हा फरक का पडला असावा ते. कॉम्प्युटरमध्ये ड्रायव्हरचं हेल्मेट आणि हात धरलेच नव्हते, ती सगळी विस्कटलेली हवा मागच्या पंखावर जाते.

आणि मग ती रात्र. तपासणीत पंख १ मीटर २१२ मिलिमीटर भरला. मुलांनी घरी मोजला तेव्हा ड्रायव्हर बसलेला होता, गाडी दबलेली होती. नियम सांगत होता, ड्रायव्हर असताना आणि नसताना, स्प्रिंगा कशाही लावलेल्या असोत, मर्यादा पाळली पाहिजे. वाचलं होतं सगळ्यांनी. लक्षात कुणाच्याच आलं नाही. सकाळी आठला परत तपासणी.

"एक जण म्हणतोय, स्प्रिंगा सैल करून गाडी खाली बसवू, पट्टी लागून स्टिकर मिळाला की परत वर करू. पाच मिनिटांचं काम. आणि पंख खाली घेतला तर हेडरेस्टच्या मागे येतो, ३८ चेही राहणार नाहीत. मामा, तू काय केलं असतंस?"

मला १९८१ ची गोष्ट सांगता आली असती. ब्रॅबमनेही तेच केलं आणि विजेता झाले! पण खरं तर तेच नव्हतं. मरेने नियमाच्या शब्दांत राहून वाट काढली होती. ती बरी की वाईट यावर भांडता येईल. इथे नियमाने ती फट आधीच बुजवली होती. इथे वाट नव्हतीच, नुसतं लपवणं होतं.

पण मी हे काही बोललो नाही. मी त्याला दुसरं सांगितलं, जे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बायकोलाही नाही. आज इथे लिहितोय म्हणजे आता सगळ्या नातेवाइकांना कळेल. कळू दे.

खूप वर्षांपूर्वीचा ३१ मार्च. पंपाचे ४०० शाफ्ट जायचे होते. माझ्या गेजमध्ये ते जात नव्हते. शतांश मिलिमीटरने जाड, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. साहेब म्हणाले, वर्ष संपतंय, ट्रक उभा आहे. मी सही केली. पुढे काही झालं नाही. तक्रार नाही, माल परत नाही. पण त्या दिवसापर्यंत माझी सही म्हणजे मोजमाप होतं. नंतर ती नुसती सही झाली. मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक लॉटवर सही करताना मला ते चारशे आठवायचे. काही झालं असतं तर निदान फिटलं तरी असतं.

फोनवर बराच वेळ शांतता. मग भाचा म्हणाला, "ठेवतो. ड्रिल मशीन कुणाकडून तरी मागावं लागेल."

रात्री दोनपर्यंत त्यांनी आधारांना नवीन भोकं पाडली आणि पंख पंधरा मिलिमीटर खाली घेतला. बारा नाही, पंधरा. मी विचारलं पंधरा का, तर म्हणतो, "पट्टी वाकडी धरली तरी जायला पाहिजे ना." इन्स्पेक्टरच्या घरचं पोरगं! सकाळी तपासणी पार पडली. आराखड्याच्या परीक्षकाने त्या दोन आकड्यांवरच अर्धा तास घालवला म्हणे. आणि २२ किलोमीटरची शेवटची लांब शर्यत, जिच्यात कितीतरी गाड्या मधेच बंद पडतात, ती त्यांनी पूर्ण केली. नंबर? मधला कुठला तरी. बक्षीस नाही.

तो पंख आता आमच्या गच्चीवर आहे. पुढच्या वर्षी मुलांनी नवा केला, जुना टाकायला मन होईना. आधाराच्या पट्टीवर भोकांच्या दोन ओळी दिसतात, वरची आणि खालची. वरच्या ओळीला गंज चढलाय. खालच्या ओळीत बोल्ट अजून घट्ट आहेत. आई त्याच्यावर पापड वाळत घालते. हवा सुटली तर उडत नाहीत, म्हणते.